आठ उशांची जागा

जहाजाने सामान परदेशी पाठवणाऱ्या कचेरीत रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. रांगेतल्या एका शिक्षिकेच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं, लेकीकडे कायमचं राहायला निघालेलं. खिडकीतला कारकून त्यांची यादी वाचत होता.

"काका, यात नुसत्या उशाच आठ आहेत."

"हलक्या आहेत. घरी एकेक वस्तू काट्यावर ठेवून बघितलीय."

"जहाजाला वजनाचं काही नाही. खोकं किती जागा अडवतं, त्यावर पैसे."

"म्हणजे जड वस्तूला जास्त नाही?"

"नाही."

"आणि हलकीला कमी नाही?"

"नाही, काका."

"हे काही डोक्यात शिरत नाही. विमानाला तर वजनच बघतात."

शिक्षिकेने हातातली आपली यादी पाहिली. तिनेही सगळं किलोतच लिहिलं होतं.

काकू नवऱ्याला बाजूला सारून खिडकीशी आल्या. "अहो, तुम्ही जरा थांबा. भाऊ, हातावर चालवायचं शिलाई मशीन गेलं असतं का हो?"

"आरामात. दोन उशांच्या जागेत मावलं असतं."

"ऐकलंत?"

"अगं, पण ते बारा किलो भरलं होतं."

"माहीत आहे. इतकी वर्षं मीच उचलत होते."

"मग शेजारणीकडून परत आणू या?"

"तिने कालच त्यावर नातीचा फ्रॉक शिवायला घेतलाय. कोणत्या तोंडाने मागू?"

"बरं, मग या उशा तरी काढून टाकू?"

"नको. त्यांचे अभ्रे त्याच मशीनवर शिवलेत."