उघड्या विटा

शर्वरी : पण काकू, फोनवर तुम्ही एकच भिंत म्हणालात. इथं तर हॉलच्या चारही भिंतींचं प्लास्टर काढलंय. वरचा बीमसुद्धा सोललाय.

इंदिराबाई : फोन केला तेव्हा एकच होती. बस ने, उभी का? खुर्ची आत्ताच पुसलीय. दिवसभर पुसत असते मी, तरी धूळ बसते.

शर्वरी : कुठल्या कडियानं केलं हे? विटांच्या कडा उडाल्यात बघा. इथं तर छिन्नी चांगली बोटभर आत गेलीय.

इंदिराबाई : कडिया कसला नि गवंडी कसला. आमच्या ह्यांनी केलं. एकट्यानं.

शर्वरी : काकांनी? या वयात?

इंदिराबाई : रिफायनरीत उभा जन्म गेला, हातात जोर आहे अजून. छिन्नी बोथट झाली म्हणून नवी आणायला गेलेत. ते यायच्या आत तुझ्याशी बोलायचंय. अकोट्याला जिजाबाईंच्या सुनेकडे तू भिंत केलीस ती मी पाहिली. नुसत्या विटा, वर पिवळा दिवा. बाया लांबून बघायला येतात म्हणे.

शर्वरी : हो, हल्ली तीच फॅशन आहे. रॉ लुक म्हणतात. विटा उघड्या सोडायच्या, सिमेंटला रंग नाही द्यायचा, छताला फळ्यांचे ठसे तसेच ठेवायचे. एकांनी तर जिन्याचा कठडा बांधकामाच्या सळयांचा करून घेतला माझ्याकडून. गंजलेल्याच पाहिजेत म्हणाले.

इंदिराबाई : मग हे तसं करून दे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, मुद्दाम केलंय, हौसेनं केलंय.

शर्वरी : बघायला कोण येणारे?

इंदिराबाई : आमचे व्याही. दत्ताजीराव आणि विहीणबाई, डभोईहून. रविवारी येतायत. सोसायटीतल्या कोणीतरी त्यांना कळवलं की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, राहतं घर फोडतोय. आता त्यांची मुलगी गेली, नात आमच्याकडे. त्यांना काळजी वाटणारच. नुसतं भेटायला येतो म्हणाले, पण मला कळतं. पोरीला न्यायला येतायत.

शर्वरी : मुलगी गेली म्हणजे...

इंदिराबाई : भूकंपात गं. माझा पृथ्वीराज आणि त्यांची राजनंदिनी. अमदावादला नवाच फ्लॅट घेतला होता. सव्वीस जानेवारी, सुट्टी, सगळे घरात. अहल्या तेवढी वाचली. जेवणाच्या टेबलाखाली होती. चार वर्षांची होती तेव्हा, आता पहिलीत जाते.

शर्वरी : सॉरी काकू. मला खरंच ठाऊक नव्हतं. मघाशी काहीतरी बोलत बसले मी.

इंदिराबाई : तुला कोण सांगणार? तू एवढं सांग, रविवारच्या आत होईल का?

शर्वरी : बीम तसाच ठेवू. विटा तारेच्या ब्रशनं घासून घेते, वरून पारदर्शक कोट मारला की रंग खुलतो. या कोपऱ्यात मातीचे मोठे रांजण, खालून दिवे सोडायचे. छान दिसेल. आतल्या खोल्यांचं काय?

इंदिराबाई : आमची झाली, स्वयंपाकघराचं अर्धं झालं. अहल्याची राहिलीय. उद्या तिथं सुरू करणार म्हणून तर छिन्नी. तू त्यांना काही सांग. फॅशनमध्ये मुलांच्या खोलीला असं करत नाहीत म्हण. तुझं ऐकतील. आणि इथं दिवेबिवे लागले तर पोरीलाही जरा वेगळं दिसेल.

शर्वरी : वेगळं म्हणजे?

इंदिराबाई : थांब. फाटक वाजलं.

(जगदेवराव येतात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली छिन्नी.)

जगदेवराव : कोण आलंय?

इंदिराबाई : शर्वरी. प्रतापनगरच्या अविनाश शिर्क्यांची मुलगी. घरं सजवायचं काम करते.

जगदेवराव : आपल्याकडे काय सजवायचंय?

शर्वरी : नमस्ते काका. काकूंनी बोलावलं. या भिंती आहेत तशाच ठेवायच्या, फक्त फिनिशिंग द्यायचं. अशा भिंतींची फार डिमांड आहे.

जगदेवराव : अशा?

शर्वरी : हो. लोक मुद्दाम उघड्या ठेवतात.

जगदेवराव : कशासाठी?

शर्वरी : दिसायला बरं वाटतं. खरं मटेरियल दिसतं. काही लपवलेलं नाही असं वाटतं.

जगदेवराव : ऐकलंस, इंदिरा? मी वेगळं काय म्हणत होतो?

इंदिराबाई : ती दिसण्याचं बोलतेय.

जगदेवराव : मी पण दिसण्याचंच बोलतोय. पोरी, तू शिकलेली आहेस. तो बीम बघ. काय वाटतं?

शर्वरी : मी इंजिनियर नाही काका. पण चांगला वाटतो. कुठं पोकळी नाही, फट नाही.

जगदेवराव : प्लास्टर असतं तर सांगता आलं असतं?

शर्वरी : नाही.

जगदेवराव : पृथ्वीराजच्या वास्तूला आम्ही दोन दिवस राहिलो. हात फिरवला तर मैद्यावर फिरवल्यासारखा. जो येई तो म्हणे, काय फिनिशिंग आहे. पुढं त्या ढिगाऱ्यात उभा होतो. कॉलमचा एक तुकडा पडला होता पायाशी. उचलला, नुसता मुठीत दाबला. वाळू. सगळी बोटांतून गळली. ओली माती तरी मुठीत गोळा धरते.

शर्वरी : पण हे घर तसं नाही. तुम्ही स्वतःच बघितलं आता.

जगदेवराव : हॉलचं बघितलं. पोरीच्या डोक्यावर काय आहे ते बघितलेलं नाही.

शर्वरी : एखादा इंजिनियर बोलावू ने आपण. न फोडता तपासायची मशीन्स आलीयेत.

जगदेवराव : तिथंही इंजिनियरनं सही केली होती. वर काय लावणार म्हणालीस?

शर्वरी : नुसता पारदर्शक कोट. विटांची धूळ पडू नये म्हणून.

जगदेवराव : काही लावायचं नाही. आज पारदर्शक, उद्या पांढरा. तू चांगल्या मनानं आलीस, मला कळतंय. पण आपल्याला नको. मी आतलं काम सुरू करतो. पोरगी शाळेत आहे तोवर खडखड उरकून घेऊ.

इंदिराबाई : आत जाऊ नका.

जगदेवराव : एक भिंत करतो फक्त. बीमाखालची.

इंदिराबाई : नका जाऊ म्हणते ना. ही परकी बाई समोर आहे म्हणून आज बोलतेय, एकटीनं बोलले तर तुम्ही हातोडी घेऊन निघून जाता. अहल्या या हॉलमध्ये शेवटची कधी आली होती?

जगदेवराव : रोज येते. शाळेतून कुठून येते मग?

इंदिराबाई : मागच्या गल्लीतून. रिक्षावाल्याला तिनं स्वतः सांगितलंय. मागच्या दारानं स्वयंपाकघरात, तिथून भिंतीला पाठ घासत आपल्या खोलीत.

जगदेवराव : तिला मागचं आंगण आवडतं. जास्वंदीला पाणी घालते.

इंदिराबाई : अंधार पडेपर्यंत आंगणात बसते ती. पाणी केव्हाच घालून झालेलं असतं.

जगदेवराव : मला वाटलं...

इंदिराबाई : तुम्हाला वाटलं ती निर्धास्त आहे. परवा तुमच्यासाठी पाणी घेऊन पाठवलं तिला. दारात ग्लास ठेवून पळाली, अर्धं सांडलं. तुम्ही वर चढला होता, पाठ होती तुमची. मी मागं गेले. तर मला म्हणाली, आजी, आजोबा ते घर इकडे आणतायत का?

शर्वरी : काकू, मी बाहेर बसते.

इंदिराबाई : बस तू. कुठं जाऊ नकोस.

जगदेवराव : ते घर म्हणाली?

इंदिराबाई : तिला दिवसभर काय दिसत होतं त्या टेबलाखालून? विटा, सळया, धूळ. तिच्या आईनं लावलेला गुलाबी रंग नव्हता दिसत. आणि आता सकाळी डोळे उघडले की दारातून हेच दिसतं. उरलेली खोली फोडलीत तर ती कुठं जाईल?

जगदेवराव : आधी का नाही सांगितलंस?

इंदिराबाई : कसं सांगू? तुम्ही तिच्यासाठीच करत होता. हाताला फोड आले तरी करत होता. पृथ्वी गेल्यापासून तुम्ही पहिल्यांदा काहीतरी करताना दिसत होता मला. आधी खुर्चीत बसून असायचात नुसते.

शर्वरी : काका, माझा एक कडिया आहे, चांगला माणूस आहे. मी आजच त्याला आणते. सगळं प्लास्टर परत करू, तिला आवडेल तो रंग देऊ. रविवारपर्यंत वाळलं नाही तरी दिसेल तर साफ. माझं काही द्यायचं नाही.

इंदिराबाई : अहो, हो म्हणा.

जगदेवराव : हो म्हणेन. आज म्हणेन.

इंदिराबाई : म्हणजे?

जगदेवराव : प्लास्टर झालं की ती झोपेल. मी जागा राहीन. मला आत काय आहे ते दिसणार नाही, आणि दिसलं नाही की माझा हात जातो, इंदिरा. हे मी ठरवून करत नाही. पहिल्या वेळी दिवाळीचा रंग द्यायला म्हणून पोपडे खरवडत होतो. थांबता आलं नाही.

इंदिराबाई : मी ठेवते हातोडी लपवून.

जगदेवराव : एकदा लपवली होतीस, मला माहीत आहे. त्या दिवशी मी उलथनं घेतलं होतं.

इंदिराबाई : डॉक्टरांकडे जाऊ. कारेलीबागेत एक आहेत म्हणतात.

जगदेवराव : जाऊ. पण त्याला वेळ लागेल. पोरीला तेवढा वेळ नाही. दत्ताजीरावांचं घर कसं आहे? मी त्यांच्या दुकानाच्या आत कधी गेलो नाही.

इंदिराबाई : दुकानामागं दोन खोल्या. साधंच आहे.

जगदेवराव : वर काय आहे?

इंदिराबाई : पत्रे.

जगदेवराव : स्लॅब नाही?

इंदिराबाई : नाही. बांबूवर पत्रे. उन्हाळ्यात तापतात फार.

जगदेवराव : भिंती?

इंदिराबाई : मातीच्या. विहीणबाई दर सणाला चुना मारतात.

जगदेवराव : मग रविवारी त्यांना विचारायला लावू नकोस. आपणच म्हणू, घेऊन जा.

इंदिराबाई : उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं ना?

जगदेवराव : शाळेतून दाखला काढावा लागेल.

इंदिराबाई : अहो, ती पृथ्वीची आहे. एवढीच उरलीय आपल्याला.

जगदेवराव : म्हणून तर.

शर्वरी : काका, एवढ्यात ठरवू नका ने. आपण प्लास्टर तरी करून बघू.

जगदेवराव : ते कर तू. तिच्या खोलीपासून या दारापर्यंत, चार दिवस तिला नीट झोप लागेल एवढं. बाकी राहू दे.

इंदिराबाई : मी तिच्याशिवाय काय करू या घरात?

जगदेवराव : तूही जा तिच्याबरोबर. रात्री कूस बदलताना तिला तुझा पदर लागतो.

इंदिराबाई : आणि तुम्हाला एकट्याला सोडून?

जगदेवराव : रिक्षा यायची वेळ झाली. तिला आत्ताच काही बोलू नकोस. आधी जेवू दे.