दोन लोटे पाणी

तुम्ही हसा गड्यांनो, पण आयकून घ्या. आमचा पोलादाचा प्लांट उभा होऊन राहिला होता तवाची गोष्ट. आमच्या रशियन साहेबानं मले दोन नव्या मासोळ्या देल्या अन् दुभाष्याच्या तोंडून बजावलं, "पंधरा दिवस अलग ठेव. रोग असला तं जुन्याही मरतीन."

मी नव्या मासोळ्या न्हाणीत बालटीत ठेवल्या. जुन्या सहा समोरच्या खोलीत, काचेच्या पेटीत. मायले सांगितलं, "बालटीतलं दोन लोटे पाणी रोज काढून ताजं टाक. पण मासोळ्या मिसळू नको." ड्यूटीवरून आलो की रोज विचारत होतो, "मिसळल्या तं नाही?"

"नाही रे बाबू."

बाराव्या दिवशी पाहतो तं बालटीतल्या दोघींच्या अंगावर पांढरे ठिपके. अन् पेटीतल्या सहाच्या सहा मरून उलट्या तरंगत! त्यायच्याही अंगावर तेच ठिपके. मधातलं दार बंद, मंग रोग गेला कसा?

"माय, ते दोन लोटे कुठं फेकत होती?"

माय माह्यावरच भडकली, "फेकीन कावून? नळ येते तासभर. रोज पेटीतच टाकत होती. मासोळ्यायचं पाणी मासोळ्यायले नाही देऊ, तं काय तुले पाजू?"