हरकत नसल्याचं पत्र

(खारी गावातल्या एका घराची ओटी. दुपार, २००६.)

शेवंती : अंगठा न्हाय देनार. मागं बी एक पोरगी आयली, अशीच गोड बोलनारी. जमिनीचा कागद निघाला त्यो.

संचिता : अहो मावशी, बिल्डरची नाहीये मी! दहावीत आहे. हे बघा, शाळेचं आयकार्ड. संचिता. धाकूंची मुलगी.

शेवंती : कोन धाकू?

संचिता : मिठागरावर होते ते. तुमच्या मिस्टरांचा, नाथाकाकांचा हात ज्यांनी...

शेवंती : मोडला. त्यो धाकू. मंग आता काय ऱ्हायलंय त्याचं हितं?

संचिता : माफी हवीय. राज्यपालांकडे अर्ज करतोय आम्ही! दोन वर्षं जेल भोगली, पण नोंद जात नाही ना. शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून सिलेक्ट झाले पप्पा, आणि पोलिसांच्या दाखल्यावर अडलं. अर्जाला तुमचं पत्र जोडलं, की आमची हरकत नाही, तर वजन पडतं म्हणे. काकांनाच विचारणार होते, पण...

शेवंती : दोन सालं झाली त्याला. तापानं गेला. हाताचं काय न्हाय त्यात, उगा खोटं कशाला बोलू? पन तुझा बाप का न्हाय आयला?

संचिता : लाज वाटते त्यांना.

शेवंती : लाज का भ्या? वाच बगू काय लिवलंय.

संचिता : मीच लिहिलंय, तीनदा फेअर केलं! "मिठागरावरील कामाच्या पाळीवरून बाचाबाची झाली व क्षणिक रागाच्या भरात अर्जदाराच्या हातून..."

शेवंती : क्षणिक म्हंजे?

संचिता : एकदम आलेला. तेवढ्यापुरता.

शेवंती : भांडन सकाली झालं.

संचिता : हो, तेव्हाच ना?

शेवंती : तुझा बाप संध्याकाली आयला. हितं, घरा. दार मीच उघडलं. पानी मागलं, दिलं. पिऊन तांब्या नीट खाली ठेवलान. मंग फावडा उचललान.

संचिता : काहीही! मग कोर्टात का नाही सांगितलंत?

शेवंती : सांगलं की. निकालात हाय. तू वाचलंस निकाल?

संचिता : पप्पा म्हणाले, हरवला.

शेवंती : हं.

संचिता : नसेल द्यायचं तर सरळ नाही म्हणा ना, मावशी!

शेवंती : देतंय गो. पोराबालांच्या भाकरीत मी कनाला आडवी येऊ? आन ती शाई.

(संचिता पेन काढते आणि कागदावर रेघ मारते.)

शेवंती : आन ना. आता काय खोडतंस?

संचिता : 'क्षणिक'.

शेवंती : अगो येडे, मंग सायबांनी न्हाय बोललं तर? बसचं काम जाईल बापाचं.

संचिता : माहितीये. संध्याकाळी किती वाजता आले होते पप्पा?