दुसरं डांगर

— थांब व, भिकुबाई, ओरडू नकोस! टोपली खाली ठेव अन् वर फडकं टाक आधी. मेमसाहेब मागच्या दाराशी आलीच तर सांग, डांगरं संपली, एकही भोपळा उरला नाही. हो, दिसतात मला, दोन आहेत, कालच्याहून मोठी. म्हणून तर म्हणते, झाक.

का म्हणजे? आज यांचा भुतांचा सण. हसतेस काय, खरंच सांगते! आपल्या जंगलसाहेबाच्या मुलखात या दिवशी पोरं तोंडाला काजळी फासतात, भुतं होतात, दारोदार जातात अन् लोक त्यांना खाऊ देतात — भुताला हाकलायचं सोडून खाऊ, ऐक! तिकडं म्हणे सलगम कोरून आत दिवा लावतात. आता नवापुरात सलगम कुठलं? म्हणून डांगर. काल तुझ्याकडून घेतलं ना, ते भाजीला नव्हतं बाई. त्याला डोळे पाडले, नाक पाडलं, दात पाडले — अन् कोणी? मेमसाहेबानं, स्वतःच्या हातानं! अख्ख्या डांगराला बाईमाणसानं पहिली सुरी लावली! मी म्हटलं, साहेबांना येऊ द्या, पहिला घाव पुरुषानं घालावा, आमच्यात अख्खं डांगर म्हणजे घरातला थोरला लेक. तर हसली, अन् खुपसली सुरी. घरी कोणी नसलं तर आपण शेजारच्याला हाक मारतो, पण लावतो का सुरी? नाही ना? माझा बाप्तिस्मा झाला, देवळात जायचं सुटलं, पण ही गोष्ट नाही सुटली माझी. लेकरंबाळं आहेत घरात, भीती वाटते.

लेकरं कसली, तिला काय लेकराचं! तिचा एडीबाबा सहा महिन्यांचा होता तेव्हा ही आजारी पडली अन् विलायतेला गेली. परत आली तेव्हा तो या अंगणात कोंबड्यांमागं पळत होता. दात आले तेव्हा कोणाचं बोट चावलं? हे बघ, हे. ताप आला की मांडी कोणाची? मन्हा बाबा शे तो, माझा! अन् आता चार वर्षांचं गोड पोर आयतं मिळालं, तर म्हणते, सण आपण फॅमिलीनं करू. फॅमिली म्हणजे कोण? साहेब, ती, तिची लेक रूथबेबी अन् बाबा. मी पाणी तापवायला. काल बाबा तिच्या मांडीवर बसून, कोपरापर्यंत हात आत घालून डांगराच्या बिया काढत होता. मी कधी चिखलात हात घालू दिला नाही त्याला, अन् ती आपली टाळ्या वाजवते! मी दुधाचा पेला घेऊन गेले, तर म्हणतो, "आया नको, मम्मा." जळलं व माझं काळीज! हो, जळलं. तुझ्यापासून काय लपवू?

मग? मग काही नाही. कोरलेलं डांगर व्हरांड्यात ठेवायला मला दिलं, अन् पायरीवर पाय घसरला माझा. पडलं, फुटलं. अशी काय बघतेस? घसरला म्हणते ना! पायरी ओली होती. — पाऊस नाही तर काय झालं, पाणी सांडलं असेल कोणी. असं रडलं लेकरू, असं रडलं! अन् मी हात पसरून उभी. मला वाटलं, रडला की येईल माझ्याक— म्हणजे, रडतं पोर आयाकडेच येतं की नेहमी. तर तिच्या गळ्यात पडला. तिच्या! ती म्हणाली, रडू नको, उद्या भाजीवाली येईल, दुसरं घेऊ. म्हणून सांगते, संपली म्हण. सण नाही झाला की संध्याकाळी येईल माझ्याकडे, मी गोष्ट सांगेन, माझ्याजवळ निजेल. एवढं कर व माझ्यासाठी, तुझ्या पाया पडते —

अगं बाई, आलाच की! ये रे माझ्या सोन्या, ये, ये आयाकडे — अरे, तिकडं कुठं? फडकं नको ओढू! भिकुबाई, धर ते — जाऊ दे, बघितली त्यानं. मोठं हवं? बरं बाबा, मोठं. तुला नाही उचलायचं ते, सोड, मी नेते आत, दे इकडं —

काय म्हणालास?

मी नको? मी... मी पाडते?

भिकुबाई, तूच दे नेऊन. उचल. हो, मोठंच. मेमसाहेब व्हरांड्यातच बसली आहे. अशी जपून काय पाय टाकतेस? जा सरळ. त्या पायरीवर पाय नाही घसरत कोणाचा.