क्लोरीन गेलं कुठे?

दातांच्या दवाखान्यात एक शिंपी गालाला रुमाल दाबून बसला होता. ठणक्याने तोंड उघडत नव्हतं, कान मात्र शाबूत होते. शेजारी दोघी बहिणी होत्या. थोरली हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली.

"ताई, खरंच दात दुखतोय, की त्या नव्या मुलीमुळे पोटात दुखतंय?"

"दोन्ही! काल साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, हिने शोध लावला. कसला डोंबलाचा शोध? समुद्रावरून वाऱ्याबरोबर मिठाचे कण येतात, ते आम्ही गच्चीवर कागदावर धरतो. त्यात मिठातलं क्लोरीन कमी निघालं, की नमुना बिघडला म्हणून मी फेकून द्यायचे."

"आणि तिने?"

"ते नमुने जपून ठेवले. म्हणे, क्लोरीन गेलं कुठे? तर म्हणे, गाड्यांच्या धुरापासून हवेत आम्ल तयार होतं, ते मिठाच्या कणावर येऊन बसतं आणि आतल्या क्लोरीनला हुसकावून लावतं. आयत्या बिळावर नागोबा!"

"हे आम्लाबद्दलच चाललंय ना?"

शिंप्याने गालावरचा रुमाल कानापासून जरा खाली घेतला.

"गप्प बस. गच्ची माझी, कागद माझे, तिला शिकवलं मी!"

"मग सांग की साहेबांना तसं."

"काय सांगू, कपाळ? तिनेच उठून सांगितलं. या शोधावरच्या लेखावर माझं नाव पहिलं घातलंय, स्वतःचं दुसरं."

"अगं, मग झालं की!"

"काय झालं? आता मेलीवर निवांत जळायचीही सोय राहिली नाही!"