पोटातली लय

या मंडळी, पुढं सरका. भिंतीला टेकलेल्यांनो, तुम्हीपण! आज पुराण बाजूला ठेवतो, ताजी गोष्ट सांगतो. पण आधी बोला — माया घाई करते, की धीर धरते?

हल्ली घरोघर सिझर! का हो? आपण म्हणतो, डॉक्टर लोभी. असतील काही! पण ऐका आमच्या मृदंगवाल्या संदिपानचं.

बायको सुवर्णा, पहिलटकरीण, तालुक्याच्या दवाखान्यात. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपार कलली — बाळ येईना! ती आत "आई गं!" म्हणाली की बाहेर याचा जीव अर्धा. शेवटी घुसलाच आत!

"बाई, कापा! काही झालं तर बघा हं!"

डॉक्टरीण शैलजाबाई म्हणाल्या, "गरज नसताना? अशा धमक्यांनी आम्ही घाबरतो, दादा. मग सुरी चालते ती बाळासाठी नाही, भीतीपोटी."

"पण बाळाला काही झालं तर?"

बाईंनी सुवर्णाच्या पोटावर यंत्र टेकवलं. धडधड, धडधड!

"मृदंग वाजवता ना? ही तुमच्या लेकराची लय. ती सुटायला लागली, तर मी क्षणभर थांबणार नाही. लगेच कापीन!"

संदिपान ऐकू लागला. कळ आली — याचा श्वास अडकला. कळ ओसरली — लय जागच्या जागी! मांडीवर बोटं चालायला लागली की हो गड्याची!

सुवर्णा कळवळून म्हणते, "अहो, भजनाला बसलात का? कंबर चोळा माझी!"

चोळली बिचाऱ्यानं! बाईंनी तिला धरून चालवलं, पाणी पाजलं, धीर दिला. आणि दिवेलागणीला — ट्यँ! मुलगी! संदिपान दाराशी बसून ढसाढसा रडला.

सुवर्णा म्हणाली, "कळा मी दिल्या, अन् रडता तुम्ही?"

थांबा, लगेच सिझरला नावं ठेवू नका! शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या बाळाची लय खरंच सुटली, तेव्हा शैलजाबाईंनी क्षण दवडला नाही. तेही लेकरू सुखरूप! गरजेला चाललेली सुरी म्हणजे देवाचाच हात. पण दाराबाहेरची आपली आरडाओरड? ती सुरी कुणाच्या हातात देते? भीतीच्या! सांगा मंडळी, दवाखान्यात जाताना तुम्ही काय नेता — धमकी की धीर?

आता डोळे मिटा. या घटकेला कुठंतरी एखादी लेक कळा देत असेल. तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही. तरी तिच्यासाठी देवाकडं धीर मागा.