पाच नट्या आणि एक सासूबाई

हसू नका, पण मागच्या हिवाळ्यात लंडनजवळच्या आमच्या अख्ख्या पिनरमध्ये ऑस्ट्रेलियन सिनेमे माझ्याइतके कोणी पाहिले नसतील. माझा साडू मेलबर्नला असतो. तिथल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांवरून आमची पैज लागली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची पाचही नामांकनं जाहीर होण्याआधी जो अचूक ओळखेल, त्याच्याकडे संक्रांतीला सासूबाई. म्हणजे त्यांच्या गुळाच्या पोळ्या! हरायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. मी ऑफिसातून आलो की कोटही न काढता टीव्ही लावायचो. त्या शेजारी वाती वळत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "जावईबापू, सोपं आहे. जी बाई शेवटपर्यंत केस विंचरत नाही, तिचं नाव लिहा."

"आई, असं कुठं असतं का?"

"लिहा हो!"

लिहिलं. नामांकनं जाहीर झाली आणि पाचच्या पाच बरोबर! लगेच मेलबर्नला फोन लावला. "काय रे, हरलास ना?"

"हरतोय कसला! माझीही पाच बरोबर आहेत. आईंनीच सांगितलं, केस बघा म्हणून."

मी वळून बघितलं, तर सासूबाई बॅग भरत होत्या.

"आई, तुम्ही दोघांनाही सांगितलंत?"

"मग? पैज लावताना मला विचारलंत का कोणी? आता जिंकलं कोणीच नाही, तेव्हा संक्रांत मी पुण्यात, माझ्या घरी करणार. पोळ्या हव्या असतील तर दोघंही या. गूळ किसायला माणसं हवीच आहेत मला."